खजुराचे झाड

नाणे आपण मोजतो, पाहात नाही. लक्ष्मीपूजनाच्या ताटात त्याला हळदकुंकू वाहतो, तेव्हाही त्यावर काय कोरले आहे याकडे आपले क्वचितच लक्ष जाते. पण शाळेत रोमचा इतिहास शिकवताना एका नाण्यापाशी माझे मन हटकून अडते.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम घेतले आणि यहुद्यांचे मंदिर जाळले. लगेच सम्राट व्हेस्पेशियनने काशा-पितळेची नाणी पाडली. एका बाजूस त्याचा चेहरा. दुसऱ्या बाजूस खजुराचे झाड आणि झाडाखाली डोक्याला हात लावून बसलेली शोकाकुल स्त्री. भोवती शब्द : ‘यहुदिया जिंकला’. या नाण्याने लोकांनी धान्य घेतले, तेल घेतले. कुणाचा तरी आकांत सुट्या पैशांत मोजून घेतला. त्या दुकानदाराला वा गिऱ्हाइकाला मी काय म्हणून दोष देऊ? पण एक खरे : दुसऱ्याचे दुःख हजार वेळा हातातून गेले, की तेही नाण्यासारखेच झिजून गुळगुळीत होते. मग ते बोटांना टोचत नाही.

इ. स. ९६ मध्ये नेर्वा गादीवर आला. त्याच्या एका नाण्यावर तेच झाड दिसते. खाली बसलेली बाई मात्र नाही. यहुद्यांवर लादलेल्या कराच्या वसुलीतील जुलूम थांबवल्याची ती द्वाही होती. कर मात्र राहिला. सत्तेची दया पुष्कळदा इथवरच येऊन थांबते. रडणारा माणूस चित्रातून उठतो. ओझे जागच्या जागी असते.

पुढे १३२ मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली यहुद्यांनी बंड केले. रोमचीच नाणी घेऊन त्यांवर त्यांनी आपले ठसे मारले. काही नाण्यांत खालचा सम्राट अजून पुसटसा दिसतो. त्यांच्या काशाच्या नाण्यांवर पुन्हा तेच खजुराचे झाड आले आणि पाठीमागे द्राक्षवेलीचे पान. झाडाखाली त्यांनी रडणारी रोमन स्त्री बसवली नाही.

बंड रक्तरंजितच होते, आणि १३५ मध्ये ते चिरडले गेले. तरीही डूख धरायला एवढी जागा हाताशी असताना त्यांनी तिथे वेलीचे पान कोरले, याचे मोल मला फार वाटते. जय-पराजय आपल्या हाती नसतात. आपल्या आनंदाच्या चित्रात कुणाला रडत बसवायचे की नाही, एवढे मात्र आपल्याच हाती असते.