पडद्यावरची सल्तनत

निवृत्तीनंतर माणूस काय शिकेल याचा नेम नाही. सदुसष्टाव्या वर्षी, कोंढव्यातल्या आमच्या घरात, मी नातवाकडून संगणकावरचा एक खेळ शिकतो आहे. नाव ‘युरोपा युनिव्हर्सालिस’. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीची ही मालिका २००० साली सुरू झाली. आमच्याकडे आहे तो २०१३ चा चौथा भाग. ११ नोव्हेंबर १४४४ पासून त्यातले जग चालू होते. हवे ते राज्य घ्या आणि चालवा. मी बहामनी घेतले. बीदरचे तख्त म्हणजे आपलाच मुलूख, निदान वाट चुकणार नाही!

चुकलो. तीनदा दिवाळे निघाले. शतरंज अब्बांनी एका सुटीत शिकवली होती; इथे सैन्याचा खर्च आवळला की त्याची हिंमतही खचते, एवढे उमजायला महिना गेला. ‘नाना, पहिले डाव हरायचेच असतात,’ नातू म्हणतो.

खरी अडचण पुढे आली. प्रजा बहुतांशी हिंदू, गादीवर मुसलमान, वरचेवर बंडे. नातवाने एक बटण दाखवले: प्रांतात धर्मप्रसारक पाठवा. महिन्यागणिक टक्के वाढतात, शंभर झाले की अख्ख्या प्रांताचा धर्म बदलतो. कारण या खेळात एका प्रांताला एकच धर्म. आमच्या कसब्यात गणपतीही आहे आणि शेख सल्ल्याचा दर्गाही, ते या नकाशात बसणारच नाही. (२०२५ च्या पाचव्या भागात एका जागी अनेक धर्मांचे लोक नांदतात म्हणे.)

माझा हात थांबला. पस्तीस वर्षे वर्गात मी सांगत आलो की दख्खनच्या सुलतानांच्या पदरी मराठे सरदार होते, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या ‘किताब-ए-नवरस’मध्ये सरस्वतीला वंदन आहे. पण तिसरे बंड झाले, खजिना आटला आणि मी बटण दाबले. प्रांताचा रंग बदलला तेव्हा, खोटे का सांगू, मला आनंद झाला.

त्या रात्री झोप लागली नाही. ‘ते खरे लोक थोडेच आहेत, नाना?’ नातवाचे म्हणणे बरोबर आहे. शतरंजच्या बाबतीत फकिहांनी वाद घातला तो जुगाराचा, नमाज चुकण्याचा. प्यादे मेले म्हणून कुणी गुनाह धरला नाही. पण दुखले ते वेगळेच. टीव्हीवर कुणी आमची टक्केवारी मांडून ‘प्रश्न’ म्हणू लागला की माझे डोके फिरते. इथे कुणाची सक्ती नव्हती. बंड शमवायचे दुसरे मार्गही होते, फक्त सावकाशीचे. मला घाई होती. घाईतल्या राज्यकर्त्याला माणसे कशी दिसतात, ते मला पुस्तकांनी इतके स्वच्छ दाखवले नव्हते.

मी डाव मोडला आणि नवा मांडला. ते बटण वापरायचे नाही, असे ठरवले आहे. सध्या १४८१ चालू आहे, महमूद गवानचा शिरच्छेद झाला ते साल. दोन प्रांतांत बंड आहे, तिजोरीत खडखडाट आहे. नातू मागे उभा राहून बघतो आहे.