तीच गाडी की दुसरी?

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. तिथल्या बर्ट मन्रो यांनी १९२० साली ‘इंडियन स्काउट’ मोटरसायकल घेतली. ६०० सीसीची ती गाडी ताशी जेमतेम ९० किलोमीटर धावायची. पुढची कित्येक दशके मन्रो तिच्यावर खपत राहिले. पिस्टन फुटला की शेडमध्येच धातू वितळवून नवा ओतायचा, कनेक्टिंग रॉड मोडला की पोलाद घासून दुसरा घडवायचा. फुटलेले भाग त्यांनी फळीवर मांडून ठेवले आणि ‘वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य’ अशी पाटीही लावली. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेत बॉनव्हिलच्या खाऱ्या मैदानावर १००० सीसीखालच्या गटात ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला.

पण तोवर इंजिन ९५० सीसीचे झाले होते आणि आतले बहुतेक भाग मन्रोंच्या हातचे होते. मग विक्रम १९२०च्या गाडीचा मानायचा की दुसऱ्याच कुठल्या?

जुन्या गाड्यांच्या बाजारात हा प्रश्न पैशाचा असतो. कारखान्यातून निघताना होते तेच इंजिन आणि तीच चेसी एकत्र असतील, तर किंमत चढते. मुळात मात्र हा दर्शनशास्त्राचा प्रश्न आहे आणि भारतात त्यावर फार पूर्वीपासून वाद झाला आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो: तू रथातून आलास, तर रथ कोणता ते दाखव. आस म्हणजे रथ का? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे सुटे भाग मिळून तरी रथ का? तेही नाही. भाग विशिष्ट रीतीने जुळले की त्याला आपण रथ म्हणतो, एवढेच. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खरोखर असतो. मात्र अवयव बदलला की जुना अवयवी नाश पावतो आणि नवा उत्पन्न होतो. इंजिन नंबर ताडून पाहणारा संग्राहक नकळत याच कडक मताचा असतो.

शर्यतीचा इतिहास मात्र या कसोटीला उतरत नाही. १९०७ साली आइल ऑफ मॅन बेटावर मोटरसायकलींची पहिली टीटी शर्यत झाली. तिच्या दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर यांची नॉर्टन जिंकली, आणि तिचे इंजिन होते फ्रेंच प्यूजोचे! पुढे १९५०च्या दशकात छोट्या रेसिंग कार बांधणाऱ्यांना मँक्स नॉर्टन या रेसिंग मोटरसायकलचे ५०० सीसी इंजिन हवे असे. कंपनी ते सुटे विकत नसे, म्हणून ते अख्खी गाडी घेऊन इंजिन काढून घेत. उरलेल्या नामांकित ‘फेदरबेड’ फ्रेममध्ये तरुणांनी ट्रायम्फची इंजिने बसवली आणि ‘ट्रायटन’ जन्मली. आज तिचेही चाहते आहेत. रेसिंगची गाडी जिंकण्यासाठी सतत बदलावी लागते. जिचा एकही भाग बदललेला नाही, ती फारशी धावलेलीच नसते.

मग रूप तेवढे सांभाळले की पुरे? तसेही नाही. मँक्स नॉर्टन आजही इंग्लंडमध्ये नव्याने बनते. तिचा धातू आणि तिचे मशिनिंग कदाचित मूळ गाडीहून सरस असेल. तरी १९५०च्या टीटीत धावलेल्या झिजलेल्या गाडीपुढे माणूस जसा थबकतो, तसा तिच्यापुढे थबकत नाही. मन्रोंच्या गाडीचे भाग गेले, रूपही गेले, तरी ती ‘तीच’ वाटते; नव्या नॉर्टनमध्ये रूप हुबेहूब आहे, तरी वाटत नाही.

हा भेद नागसेनाच्याच दुसऱ्या दृष्टांताने उलगडतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे, पण वेगळीही नव्हे. एकीतून दुसरी निघत गेलेली आहे. मन्रोंचा प्रत्येक पिस्टन आधीचा फुटला म्हणून, त्याच्या फुटण्यातून शिकून ओतलेला होता. जुन्या गाडीपुढे माणूस नमतो तो या अखंड कारणपरंपरेपुढे. मूळ धातूचेही मोल आहे, कारण तो त्या परंपरेचा साक्षीदार असतो. पण साक्षीदार म्हणजे परंपरा नव्हे.

म्हणून आइल ऑफ मॅनवरच्याच मँक्स ग्रां प्री शर्यतीत आपली जुनी गाडी साठ किलोमीटरच्या डोंगरी मार्गावर उतरवणारा मालक तिची नासाडी करतो असे म्हणता येत नाही. एखादा व्हॉल्व्ह जाईल, क्रँक बदलावा लागेल, बाजारभावही उतरेल. पण ती गाडी शर्यतीची होती, आणि तिचा इतिहास त्या दिवशी आणखी एका शर्यतीने पुढे सरकतो.