गिलाव्याआडचें काम

महाड शहरांतील तारिक गार्डन ही पांच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजीं सायंकाळीं कोसळली आणि सोळा माणसें मृत्युमुखीं पडलीं. इमारतीचें वय दहा वर्षांहून अधिक नव्हतें. पुढें जो गुन्हा नोंदला गेला, त्यांत बांधकाम-व्यावसायिक, वास्तुविशारद, सल्लागार अभियंता आणि नगरपालिकेचे अधिकारी ह्यांचीं नांवें होतीं. गवंडी त्यांत नव्हता. तेथें कोणाचें काय चुकलें हा न्यायासनाचा विषय आहे, त्यांत शिरण्याचें आपणांस कारण नाहीं. गवंड्याला वगळलें हें योग्यच झालें, असें कोणीही म्हणेल. ज्यानें हुकुमाप्रमाणें माल ओतला आणि संध्याकाळीं रोज घेऊन घर गांठलें, त्याच्या माथीं इतक्या जिवांचा भार कसा घालावा? परंतु ह्या निर्दोषत्वाकडे जरा निरखून पाहिलें म्हणजे तें तितकेंसें सुखावह वाटत नाहीं. थापीलाही आपण दोष देत नाहीं. कारण ती वस्तु आहे. गवंड्याला आपण ज्या कारणास्तव मोकळा सोडतों, तें कारण थापीच्या कारणाहून कितपत निराळें आहे?

महाड-पोलादपुराकडील तरुणांना बांधकामाचें कसब शिकवावें, ही सूचना अनेकदां होते, आणि तिच्या समर्थनार्थ पोटाचा प्रश्न पुढें केला जातो. तो खराही आहे. ह्या डोंगराळ मुलुखांतील तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईची वाट धरीत आला. महामार्गाचें रुंदीकरण झालें, कशेडीचा बोगदा फोडला गेला; इतकें मोठें काम दाराशीं आलें असतां त्याच्या हाताला त्यांत मानाची जागा कां नसावी, हें विचारणें रास्तच होय. तथापि एवढ्यावर थांबलों, तर ह्या धंद्याचें जें वैशिष्ट्य तेंच सुटून जातें. सुताराची खुर्ची बसतांक्षणींच आपला दोष सांगते. काँक्रीटचा दोष वर्षानुवर्षें गिलाव्याआड मुकाट राहतो. माल पातळ केला कीं सहज पसरतो, मजुराचे श्रम वांचतात. पण सिमेंटाच्या मानानें पाणी प्रमाणाबाहेर वाढलें, तर त्याच मानानें पुढची बळकटी घटते. खाडीची खारी वाळू न धुतां वापरली, तर आंतली सळई गंजूं लागते, आणि गंजतांना फुगून ती भोंवतालचें काँक्रीटच फोडते. स्लॅबला किमान सात दिवस पाणी मारावयाचें असतें. चौथ्या दिवशीं तें थांबलें, तर पंधराव्या दिवशीं कोणाला दिसणार? आणि हीं कामें करतो कोण? अभियंता दुसऱ्या कामावर गेलेला असतो, मिस्त्री सावलींत असतो. पाण्याची बादली सर्वांत धाकट्या पोराच्या हातीं असते. पांच मजल्यांची नीति अखेरीस त्या बादलीवर येऊन ठेपते.

तेव्हां त्या पोराला ‘पाणी फार झालें’ असें म्हणतां आलें पाहिजे. येथें व्यवहारी मनुष्य हंसेल. असें म्हणणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशीं कामावर घेणार कोण? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. भुकेल्याकडून धैर्याची अपेक्षा धरणें हें पोट भरलेल्यांचें व्यसनच आहे. कायद्यानें कांहीं आधार दिला आहे, नाहीं असें नाहीं. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीं १९९६ सालीं कायदा झाला. नोंदलेल्या कामगारास लाभ मिळतात. पण मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो बहुधा मालकाकडूनच आणावयाचा! ज्याच्याशीं ‘नाहीं’ म्हणावयाचें, त्याच्याच दारीं दाखल्यासाठीं उभें राहावयाचें.

म्हणून आधीं पोट सुरक्षित करावें, ज्ञान मागाहून द्यावें, असा क्रम कित्येक सुचवितात. मला तो मान्य नाहीं. अज्ञानांत ठेवून कोणाला पापापासून वांचविणें ही दया नव्हे; त्यांत त्याचा कमीपणा गृहीतच धरलेला असतो. माल कां पातळ करूं नये हें ज्याला ठाऊक आहे, तो आज गप्प बसेलही; पण आपण गप्प बसलों हें त्याला कळेल. तसे दहाजण एका कामावर जमले, तर गप्प बसणें कठीण होईल. एकट्याला जें धैर्य लागतें, तें दहांना लागत नाहीं.

रायगड ह्याच महाड तालुक्यांत आहे. तेथें जगदीश्वराच्या देवालयाच्या पायरीवर, गड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचें नांव कोरलेलें आहे. त्यांत लोक नम्रता पाहतात. मला त्यांत सहीही दिसते: हें मीं बांधलें, विचारावयाचें तर मला विचारा. अर्थात् हिरोजी मुख्य होते. ज्यांनीं ते चिरे घडले, त्यांचीं नांवें तेथेंही नाहींत.

शिक्षणाची सोय अगदींच नाहीं असें नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, १९६१ च्या कायद्यानें उमेदवारीलाही नियम घालून दिले आहेत. पण ह्या भागांतील मुलाजवळ एक ज्ञान आधींच असतें, आणि तें कोणी विचारांत घेत नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं तळियें येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच पावसानें पोलादपूर तालुक्यांत केवनाळें आणि साखर-सुतारवाडी येथेंही घात केला. डोंगरांत मुरलेलें पाणी काय करूं शकतें, हें तेथील मुलांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. उताराला संरक्षक भिंत बांधतांना तींत पाणी निचरण्यासाठीं भोंकें ठेवतात. तीं बुजलीं, तर पाणी भिंतीमागें सांचतें आणि त्याच्या दाबानें जाडजूड भिंतही पुढें कलते. तीं भोंकें राखणें हें बिगाऱ्याचें काम समजतात. तें उमेदवार मुलाकडे नांवानिशीं सोंपवावें. भिंत पुरी होऊन हिशेब मिटल्यावरही पहिल्या मोठ्या पावसांत, तीं वाहतात कीं नाहीं हें पाहण्यास ठेकेदारानें त्यालाच पुन्हां बोलवावें, आणि त्या दिवसाचा रोज द्यावा.