भनपुरीतील तरुण मन

नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात, आणि पुढे नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना, कारकुनी, शिक्षकी वा वकिलीच्या निमित्ताने रायपुरात येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी 1935 साली महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. परमुलखात वाढणाऱ्या मुलांना गणेशोत्सवाच्या मंडपात, नाटकाच्या तालमीत किंवा एखाद्या काकांच्या ओसरीवर मन मोकळे करण्यास जागा मिळणे, हे अशा संस्थांचे अहवालात सहसा न नोंदले जाणारे कार्य होय.

परंतु हुद्दा घेऊन आलेल्यास जे लाभले, ते केवळ श्रमाचे बळ घेऊन आलेल्यास लाभत नाही. त्याच शहराच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर, रोलिंग मिल व लाकडाच्या वखारी यांच्या आश्रयाने वाढलेल्या भनपुरीत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेल्या मजुरांची दुसरी पिढी आता वयात आली आहे. घरी ओडिया वा भोजपुरी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी बोलणारा हा मुलगा तिन्ही ठिकाणी थोडाथोडा परका असतो. आणि बापाने आपल्यापायी गाव सोडले हे त्याने इतक्यांदा ऐकलेले असते, की आपले मन ठिकाणावर नाही असे सांगणे हीच त्याला कृतघ्नता वाटते.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्यास यंत्रणेस बांधील केले. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर ‘टेली मानस’ची विनामूल्य दूरध्वनी-समुपदेशन सेवाही अहोरात्र चालू आहे. तथापि 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, ज्यात छत्तीसगडचाही समावेश होता, निरनिराळ्या मनोविकारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नाहीत असे आढळले, त्याचे कारण केवळ डॉक्टरांची उणीव नव्हे. जेथे पाच-सहा माणसे एका खोलीत निजतात आणि फोन बापाच्या खिशात असतो, तेथे मुलाने दूरध्वनीवर रडावे कोठे? आणि इस्पितळाच्या सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात जायचे, तर त्याला वा आईला एका दिवसाच्या रोजावर पाणी सोडावे लागते.

म्हणून माझी मसलत मितानिनीकडे वळते. 2002 पासून छत्तीसगडने उभे केलेले हे स्त्री-आरोग्यसेविकांचे दल, ज्याचे अनुकरण पुढे ‘आशा’ योजनेत झाले, घराघराची नाडी जाणते. कोणता मुलगा शाळेत जाईनासा झाला, कोणता रात्रीचा उंबऱ्यावर बसून राहतो, हे तिला कोणत्याही तक्त्यावाचून कळते. मात्र ती शेजारीणही आहे, आणि शेजारणीच्या कानी गेलेले गुपित नळावर पोचेल ही मुलाची भीती अगदीच निराधार नाही. तेव्हा तिने मुलाला दारापर्यंत आणावे, ऐकून घेण्याचे काम बाहेरून आलेल्या, त्याची भाषा जाणणाऱ्या प्रशिक्षित समुपदेशकाने, कामाची पाळी सुटल्यानंतरच्या वेळी, मनोरुग्ण अशी पाटी नसलेल्या शाळेच्या खोलीत करावे.

मितानिनीच्या कामावर आणखी एका नोंदवहीची भर घालून मानधन पूर्वीचेच ठेवणे हा सरळसरळ अन्याय होईल. राज्याच्या आरोग्य खात्याने खोली, समुपदेशक आणि तिचा मोबदला या तिन्हींची तजवीज एकत्र करावी. त्यांतले एकही वगळायचे असेल, तर हा उपक्रम सुरूच करू नये.