बांध आणि पृथ्वीगुरू



दत्तजयंतीच्या अंकात बांधाच्या भांडणावर काय लिहायचं, असं कोणाला वाटेल. पण आपल्या पालखीला खांदा देणाऱ्यांपैकी किती जणांचा कुठल्या ना कुठल्या शेजाऱ्याशी अबोला आहे, हे ज्याने त्याने मनाशी मोजून पाहावे. कोणाचा बांधावरून, कोणाचा वहिवाटीच्या वाटेवरून, शहरातल्यांचा कंपाउंडच्या भिंतीवरून. आरतीला सगळे शेजारी शेजारी उभे असतात, आणि प्रसाद घेताना तोंडं दोन दिशांना. मीही त्यातलाच. म्हणून दुसऱ्याला उपदेश न करता स्वतःवर गुदरलेलं सांगतो.

आमचं रान कृष्णाकाठी, उसाचं. वरच्या अंगाला तात्यांचं रान. तात्या माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी थोर. पौर्णिमेला वाडीला जायचं ते दोघांनी मिळून, असा आमचा कित्येक वर्षांचा नेम. आमच्या दोघांमधला बांध लांबीला दहा साखळ्या, म्हणजे 330 फूट. माझ्या लहानपणी त्यावरून वैरणीचा भारा घेऊन बाई निघाली तर समोरच्या माणसाला बाजूला व्हावं लागत नसे. आता एक पाऊल टाकून मगच दुसरं टाकावं लागतं. दरवर्षी नांगरटीला तात्यांचा ट्रॅक्टर एक तास जास्तीचं धरायचा. वीतभर, कधी त्याहून कमी. एका वर्षी डोळ्यात भरत नाही. पण 330 फुटांत तीन फूट गेले तर 990 चौरस फूट होतात, आणि गुंठा असतो 1089 चौरस फुटांचा. म्हणजे जवळजवळ गुंठाच. त्या गुंठ्याने कोणी श्रीमंत होत नाही, हे तात्यांनाही ठाऊक आणि मलाही.

चिरंजीव पुण्याला असतात. ते फोनवर म्हणाले, "बाबा, तक्रार द्या, सरळ होतील." मी म्हटलं, बघू. त्या सुमारास माझं भागवताच्या एकादश स्कंधाचं वाचन चालू होतं. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात, त्यात पहिली पृथ्वी. लोक तिला तुडवतात, खणतात, पण ती क्षमा सोडत नाही. वाचून मला लाज वाटली. पृथ्वी सगळं सोसते आणि आपण तिच्याच एका पट्टीसाठी कचेरीची पायरी चढायची? पुढे कुरर पक्ष्याची गोष्ट आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता म्हणून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि सुखी झाला. मी ठरवलं, आपणही टाकला तुकडा. घरात जाहीरही केलं.

पंधरा दिवसांनी सौ. म्हणाली, "अहो, सोडलं म्हणता ना? मग रात्री दोनला उठून बसता ते कशासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण खरंच, तात्यांचा ट्रॅक्टर नुसता सुरू झाल्याचा आवाज आला तरी माझ्या पोटात कालवायचं. त्यांच्या उसाला तुरा आला की बरं वाटायचं. हे लिहायला कठीण जातं, पण खरं आहे. कुररने तुकडा चोचीतून टाकला तेव्हा मनातूनही टाकला असणार. मी चोचीतून टाकला होता आणि डोळे त्याच्यावरच लावून बसलो होतो. वरून क्षमाशील म्हणवून घेत होतो. ही क्षमा नव्हे, हा भित्रेपणा. भांडायची भीती वाटते म्हणून माणूस गप्प बसतो आणि त्याला देवाचं नाव देतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. त्या सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव नाही. थोरले दादा वारले, त्यांच्या मुलांची नावं आहेत. बहिणीचं नाव वारस म्हणून आहे. मी उदार होऊन सोडणार होतो ते कोणाचं? श्रीगुरुचरित्रात गाणगापूरच्या त्या शेतकऱ्याची कथा आपण सगळे वाचतो. महाराजांनी सांगितलं म्हणून त्याने उभी, कच्ची जोंधळ्याची शेती कापून टाकली. त्याच्या श्रद्धेचं आपण कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे, ती वाचताना निसटते. जमिनीच्या मालकाचा वाटा बुडू देणार नाही, याची हमी त्याने आधी दिली होती. श्रद्धेची किंमत त्याने आपल्या वाट्यातून मोजली, दुसऱ्याच्या नव्हे. त्याग करायचा तर आधी वस्तू आपली असावी लागते. आणि बांधाच्या बाबतीत आपलं किती हे कळायला एकच उपाय, मोजणी.

कायद्याचंही एक सांगायला हवं, कारण आपल्यातले बरेच वयस्कर लोक समजतात की सातबारा हातात आहे म्हणजे चिंता नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं. हद्द नकाशात असते, आणि ती जमिनीवर दाखवण्याचं काम भूमी अभिलेख खात्याचं. दुसरं म्हणजे, दुसऱ्याने उघडपणे, मालकी सांगत बारा वर्षं ताबा ठेवला आणि आपण काहीच केलं नाही, तर तो ताबा कायम करून मागू शकतो. आपलं मौन क्षमा होती की आळस, हे कोर्टाला कसं कळावं?

मग मी पुन्हा तो पृथ्वीचा भाग काढला. तिथे नुसतं सोसणं सांगितलेलं नाही. प्राणी दैवाच्या अधीन होऊन त्रास देतात हे जाणून धीराने राहावं आणि आपल्या मार्गापासून ढळू नये, असा त्याचा रोख आहे. माझ्या मते शेवटचे शब्द महत्त्वाचे. गृहस्थाचा मार्ग म्हणजे घरातल्यांच्या वाट्याची राखण करणं. ते मनात वैर न ठेवता करता येतं का, खरी परीक्षा ती.

अर्ज देण्याआधी तात्यांच्या घरी गेलो. लगतच्या खातेदाराला नोटीस जातेच, पण नोटीस पोस्टाने यावी आणि मग कळावं, हा अपमान. मी म्हटलं, "तात्या, मोजणी मागवतोय. तुम्ही हजर राहा. जे निघेल ते मला मान्य." तात्या काही बोलले नाहीत. काकूंनी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. त्या महिन्याच्या पौर्णिमेला ते वाडीला वेगळ्या गाडीने गेले.

मोजणीला अर्धं गाव जमलं. पूर्वी साखळी ओढत, आता मोजणीदार तिपाईवर यंत्र लावतो, काठी घेऊन पोरगा पळतो. वरच्या टोकाला चुन्याची खूण तात्यांच्या सरीत पडली. जवळजवळ तीन फूट आत. माझे पुतणे माझ्याकडे बघायला लागले. मग यंत्र खाली ओढ्याकडे सरकलं, आणि तिथली खूण आमच्या बाजूला पडली. आमची पाइपलाइन आणि आबांनी लावलेले दोन नारळ तात्यांच्या रानात निघाले. दोन फूट.

मी म्हटलं, यंत्र चुकलं असेल. तेव्हा तात्या त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. "यंत्र चुकलं न्हाई. तुमच्या आबांनी पाइप टाकला तवा माझा म्हातारा हितंच हुबा हुता. तो म्हणाला, जाऊ दे, पाण्याला वाट लागतीच. पुन्हा घरात कधी इषय काढला न्हाई. मीच मनात ठेवला."

वाचक हो, मी तिथेच बांधावर बसलो. इतकी वर्षं मी माझ्या क्षमेचा हिशेब मांडत होतो. आणि त्या नारळाचं पाणी आम्ही घरातले सगळे पीत होतो, तात्यांच्या वडिलांच्या क्षमेतून आलेलं, हे एकालाही माहीत नव्हतं. त्या म्हाताऱ्याने खरोखर सोडलं होतं. तात्यांनी सोडलं नव्हतं, मीही नव्हतं. बाप-लेकांत काय फरक असतो आणि तो का पडतो, यावर मी पुष्कळ विचार केला, पण उत्तर सापडलेलं नाही. कदाचित त्याने जे दिलं ते स्वतःच्या हाताने दिलं, आणि तात्यांना ते आयतं, न विचारता दिलेलं मिळालं. माझ्या मौनाचंही माझ्या पुतण्यांच्या वाट्याला तेच येणार होतं.

पुढचं थोडक्यात. पाइपलाइन काढायची तर उभा ऊस जातो. म्हणून ती आहे तिथेच राहील, जमीन तात्यांची, असं दोघांनी स्टॅम्पपेपरवर लिहिलं. बहिणीचीही सही घेतली. नारळ तात्यांचे. वरच्या अंगाची पट्टी आमची. खुणांवर दोघांच्या खर्चाने दगड रोवले. पुतण्यांना हे पटलं नाही, नारळाबद्दल तर अजून बोलतात. तात्या आणि मीही पूर्वीसारखे नाही. ख्यालीखुशाली विचारतो, तेवढंच. वाडीला मात्र मागच्या पौर्णिमेपासून एका गाडीने जातो. मधल्या सीटवर दोघांच्या पिशव्या असतात.

गेल्या नांगरटीला मी मुद्दाम रानात गेलो नाही. सौ.ने डबा घेऊन पुतण्याला धाडलं. तो येऊन सांगत होता की ट्रॅक्टर तात्यांचा नातू चालवत होता, आणि तात्या काठी टेकत दगडापाशी उभे राहून त्याला ओरडत होते, "आत घे, आत घे, हिकडनं एक तास सोड."