न घडलेल्या अपघाताचें श्रेय

बुडत्याला हात देऊन बाहेर काढणाऱ्या मनुष्याची कीर्ति गांवभर होते. परंतु ज्यानें घाटाची निसरडी पायरी वेळींच बदलून ठेवली, त्याचें नांवहि कोणी घेत नाहीं. पहिल्याच्या सत्कृत्याला साक्षीदार असतात. दुसऱ्याच्या कृत्याचें फळ म्हणजे कांहींएक न घडणें. आणि न घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कोठून मिळणार? अशा कृत्याचें मोल कसें ठरवावें, हा नीतिविचारांतील एक नाजूक प्रश्न आहे. मोठमोठ्या उदाहरणांपेक्षां एखाद्या क्षुल्लक वस्तूच्या आधारें तो पाहिला, तर अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून येथें तळहातावर मावणाऱ्या एका रबरी चक्राचा विचार करावयाचा आहे.

अमेरिकेच्या उत्तर भागांत, मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांत, हजारों सरोवरें आहेत. उन्हाळा आला कीं तेथील कुटुंबें लहान लहान बोटी घेऊन मासे धरावयास किंवा नुसतीं फिरावयास निघतात. या बोटींच्या मागील फळीला जें इंजिन अडकविलेलें असतें, त्याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. नॉर्वेंत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या यंत्रज्ञानें याच भागांतील मिल्वॉकी शहरीं असें इंजिन 1909 सालीं विक्रीस आणलें, आणि पुढें पुष्कळांच्या हातचीं वल्हीं सुटलीं. इंजिन चाललें कीं तापतें. त्याला थंड ठेवण्यासाठीं बहुधा सरोवराचेंच पाणी खालून ओढून त्याच्या अंगांत खेळवितात व पुन्हां बाहेर सोडतात. हें पाणी ओढण्याचें काम पंपांतील रबरी चक्र करतें. त्याचें नांव इंपेलर. त्याला लवचिक पातीं असतात, बहुधा सहा. ज्या वाटीसारख्या घरांत तें फिरतें, त्याच्या बरोबर मध्यावर तें बसविलेलें नसतें, किंचित् एका बाजूस असतें. त्यामुळें प्रत्येक फेऱ्यांत पातीं एकीकडे दबतात व दुसरीकडे उलगडतात, आणि या दबण्या-उलगडण्यांतच पाणी ओढलें व पुढें ढकललें जातें.

या चक्राला वंगण तें पाण्याचेंच. पाण्यावांचून इंजिन क्षणभर अधिक चाललें, तरी रबर घासून जळूं लागतें. उथळ पाण्यांतील वाळू त्याला झिजविते. हिवाळ्यांत सरोवरें गोठलीं म्हणजे बोट महिनेच्या महिने कोठारांत पडून राहते. तेवढ्या काळांत दबलेल्या पात्यांना कायमचा बाक येतो, रबर कडक होतें, पात्यांच्या मुळाशीं केसासारख्या चिरा पडतात. हें सर्व डोळ्यांआड चालतें, कारण पंप इंजिनाच्या खालच्या पायांत दडलेला असतो. बोल्ट सोडून तो भाग उतरविल्यावांचून दृष्टीस पडत नाहीं. बाहेर दिसणारी खूण एकच: इंजिनाच्या अंगांतून पडणारी पाण्याची एक बारीक धार. पण ही धार म्हणजे भाबडा साक्षीदार. चिरा पडलेलें चक्रहि मोडण्याच्या घटकेपर्यंत ती चांगली भरदार टाकूं शकतें. म्हणून जाणते लोक सांगतात कीं, कांहीं ठराविक काळानें, बहुधा एक-दोन वर्षांनीं, धार चांगली असली तरी चक्र बदलावें.

आतां यावर काटकसरी मनुष्य म्हणेल, “चालती वस्तु काढून टाकावयाची, हा कोठला न्याय? मोडेल तेव्हां पाहूं.” हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. वस्तूंत कोणाचे तरी श्रम असतात. ती अकारण फेंकणें ही उधळपट्टीच होय. शिवाय प्रत्येक वस्तूविषयीं भय बाळगून जो जगतो, त्याला सरोवराचें सुख तें कसलें? सावधगिरीलाहि मर्यादा हवी. ती कोठें आंखावी?

इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यानें 1877 सालीं प्रसिद्ध झालेल्या, विश्वासाच्या नीतीवरील आपल्या निबंधांत एका जहाजमालकाचें उदाहरण घेतलें आहे. जहाज जुनें, पुष्कळदां डागडुजी केलेलें. प्रवासी घेऊन निघण्यापूर्वीं तें नीट तपासावें, अशी शंका मालकाच्या मनांत येते. पण खर्च मोठा. तेव्हां तो आपली समजूत घालतो कीं, इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीहि होईल. जहाज बुडतें. मालक दोषी, हें कोणीहि कबूल करील. परंतु क्लिफर्डचें मर्म याच्या पुढें आहे. जहाज सुखरूप पोंचलें असतें, तरी मालकाचा दोष तिळभर कमी झाला नसता. तो केवळ उघडकीस आला नसता. कृत्य योग्य कीं अयोग्य, हें तें करतांनाच ठरून जातें. पुढचा वारा त्यांत फेरफार करूं शकत नाहीं.

क्लिफर्डनें दोषाला लावलेला हा न्याय श्रेयालाहि लावला पाहिजे. ज्यानें चक्र वेळेवर बदललें, त्याचें जुनें चक्र कदाचित् आणखी दोन उन्हाळे टिकलें असतें. म्हणून त्याचें कृत्य व्यर्थ ठरत नाहीं. त्याला त्या घटकेस जें जाणतां येत होतें, त्यावरून तो वागला. धोका डोळ्यांआड होता, उपाय अल्प खर्चाचा होता, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे नुकसान एकट्या त्याचें होणार नव्हतें. मिनेसोटांतील मिल लॅक्स सरोवर 500 चौरस किलोमीटरांहून मोठें, पण उथळ. वारा सुटला कीं तेथें थोड्याच वेळांत आंखूड व उंच लाटा उठतात. अशा वेळीं मध्यावर इंजिन तापून बंद पडलें, तर बोटींत बसलेल्या मुलांनीं काय करावें? त्यांनीं पंप पाहिलेला नसतो, व पाहूनहि त्यांना कांहीं कळलें नसतें. कांठाजवळ, वल्हीं जवळ बाळगून एकटाच फिरणारा मनुष्य आपल्या चक्राचा जुगार खुशाल खेळो. दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार त्याला नाहीं. मर्यादा येथें आंखावयाची.

या चक्रापाशीं आणखी एक परीक्षा होते, आणि ती अधिक कठीण आहे. समजा, चक्र मोडलेंच. नवें बसविलें, धार पूर्ववत् पडूं लागली. काम संपलें काय? तुटलेलीं पातीं पाण्याबरोबर इंजिनाच्या अरुंद वाटांत गेलेलीं असतात. तेथें तीं अडकून पुढें केव्हां तरी पाणी अडवितात. म्हणून प्रामाणिक कारागीर जुनें चक्र फळीवर ठेवून तुकडे मोजतो, आणि एक तुकडा कमी भरला तरी तो सांपडेपर्यंत वाटा उघडीत जातो. त्यानें शोध घेतला नाहीं, तरी मालकाला आज तें कळणार नाहीं. आपल्याकडे प्रायश्चित्त घेऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. पण आपल्या चुकीचे तुकडे दुसऱ्याच्या आयुष्यांत कोठें अडकून राहिले, हें शोधणारे विरळा.

गीतेनें फलाची आसक्ति सोडावयास सांगितली आहे. येथें तर फळ दिसतच नाहीं. तेव्हां ‘मीं वांचविलें’ असें म्हणण्याची सोयच उरत नाहीं. पावसाळ्यांत पाणी उकळून देणाऱ्या गृहिणीला, कोणता पेला प्याल्यानें कोण आजारी पडलें असतें, हें कधींच सांगतां येत नाहीं. तरी ती दुसऱ्या दिवशीं पुन्हां पातेलें चुलीवर ठेवतेच. घरांतील माणसांनीं तिचे आभार मानावेत, हें बरें. पण तिचें काम त्या आभारांवर अवलंबून नसतें.

काटकसरी मनुष्याच्या समाधानासाठीं एवढें सांगतों कीं, काढलेलें चक्र धड असल्यास पुष्कळ नाविक तें टाकीत नाहींत. अडचणीच्या वेळीं उपयोगी पडावें म्हणून हत्यारांच्या पेटींत जपून ठेवतात. बोट मात्र नव्या चक्रावर चालते. सायंकाळीं ती धक्क्याला लागते, मुलें उड्या मारून उतरतात, आणि आज कांहींच विशेष घडलें नाहीं, असें म्हणत घरीं जातात.