दुसऱ्याच्या शेतातील वाट

आपल्या आनंदासाठी शेजाऱ्याने किती सोसावे, हा प्रश्न जुना आहे. परंतु प्रत्येक नव्या यंत्राबरोबर तो पुन्हा उभा राहतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाइल या गाडीने तो उभा केला आहे.

या गाडीच्या इतिहासात मौजेआधी निकड आहे. व्हालकूर गावचे जोसेफ-आर्मां बोंबार्डिये लहानपणापासून बर्फगाडीच्या खटपटीत होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले. रुग्णालय गाठता आले नाही आणि मूल दगावले. पुढे त्यांनी बांधलेल्या गाड्यांतून डॉक्टर रोग्यांकडे आणि मुले शाळेत जाऊ लागली. १९५९ मध्ये त्यांनीच स्की-डू ही हलकी गाडी बाजारात आणली, आणि गरजेचे साधन करमणुकीचेही झाले.

आज त्या प्रांतात अशा गाड्यांसाठी तीस हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वाटा आहेत. स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक त्या आखतात, फलक लावतात, बर्फ दाबून सपाट राखतात. परंतु पुष्कळ वाटा खासगी शेतांतून व रानांतून जातात. मालकाची संमती आहे तोवरच त्या आहेत. एका बेफिकीर स्वाराने वाट सोडून बर्फाखालची रोपे तुडविली, तर मालक वाट बंद करू शकतो, आणि त्याचे फळ इतर सर्व सभ्य स्वारांस भोगावे लागते.

मग कायद्यानेच वाट का मिळवू नये? लोरांतीद भागात जुन्या रेल्वेमार्गावरून या गाड्या धावत. आवाजाने व धुराने त्रासलेल्या रहिवाशांनी फिर्याद केली, आणि २००४ मध्ये न्यायालयाने त्यांस भरपाई देवविली. लगेच विधिमंडळाने अशा फिर्यादींनाच काही काळ अटकाव करणारा कायदा केला. हिवाळ्यात या स्वारांवर पोट भरणारी खेडी उघडी पडू नयेत, ही चिंता क्षुल्लक नव्हती, हे आम्ही मान्य करतो. तथापि फिर्याद थांबविल्याने घराच्या भिंतीपाशी होणारा गोंगाट थांबत नाही.

आमच्या मते येथे कायद्याहून सौजन्याची कसोटी मोठी आहे. शेजाऱ्याने एकदा दिलेली संमती कायमची आपली होत नाही. घराजवळून जाताना वेग आवरणाऱ्या प्रत्येक स्वाराला ती नव्याने मिळवावी लागते. एका बापाला आपल्या आजारी मुलासाठी डॉक्टरच्या दारापर्यंत वाट हवी होती. त्याच गाडीने आज कोणाच्या दारात शिरून त्याची झोप मोडावी, हे त्या दुःखाशी इमान राखणारे नव्हे.